मिठाच्या खाणीतलं गाणं

इतिहासाच्या गप्पांमध्ये आज आम्ही तुम्हाला लांब नेणार आहोत, अमेरिकेतल्या लास वेगास नावाच्या शहरात. तिथल्या कॅसिनोंमध्ये मोठमोठ्या गायक-गायिकांचे कार्यक्रम होत. त्यातल्या काही कार्यक्रमांचं टीव्हीसाठी, सिनेमासाठी चित्रण झालं. आणि मग ती रिळं तीस वर्षं, चाळीस वर्षं, काही तर पन्नास वर्षं डब्यात पडून राहिली. असं का झालं? ती सांभाळली कुणी? आणि असा डबा उघडायचा की नाही, हे ठरवायचा हक्क कुणाचा? हे आज पाहू.

तुम्ही म्हणाल, कुठलं ते वेगास आणि कुठलं आपलं गाव! पण आपल्या रेडिओसाठी तुम्हीही गाणी म्हणता, आम्ही ती रेकॉर्ड करतो. ते रेकॉर्डिंग पुढे कुठे जातं, हा प्रश्न आपलाही आहे. तो शेवटी घेऊ.

जुगाराच्या घरात गाणं

कॅसिनो म्हणजे सरकारी परवान्याने चालणारं जुगाराचं ठिकाण. गोव्याला जाऊन आलेल्या मैत्रिणींनी पणजीत मांडवी नदीत उभी असलेली दिव्यांची जहाजं पाहिली असतील, ती कॅसिनोचीच. लास वेगास आहे नेवाडा राज्यात, भर वाळवंटात. या राज्याने १९३१ साली जुगाराला कायद्याने परवानगी दिली. मग तिथे मोठमोठी हॉटेलं उभी राहिली. खाली जुगाराची टेबलं, वर राहायच्या खोल्या आणि एका बाजूला गाण्याबजावण्याचं सभागृह.

या सभागृहाचं गणित समजून घेऊ. जत्रेत पाळणा असतो, तमाशाचा तंबू असतो. लोक त्यासाठी येतात आणि येता-जाता दुकानांत पैसे खर्च करतात. कॅसिनोतलं गाणं तसंच होतं. हॉटेलवाल्यांची खरी कमाई जुगाराच्या टेबलावर. गायकाला ते भरपूर पैसे देत, कारण त्याच्या नावावर माणसं हॉटेलात येत. कार्यक्रम मात्र आटोपशीर हवा असे. माणूस खुर्चीत बसून गाणं ऐकत राहिला तर टेबलावर पैसे कोण लावणार? एका रात्रीत दोन कार्यक्रम होत, एक रात्रीच्या जेवणाच्या वेळी आणि दुसरा मध्यरात्री.

यातून पुढची गोष्ट सहज कळते. जे गाणं ऐकायला लोकांनी वेगासला यावं अशी हॉटेलवाल्यांची इच्छा, तेच गाणं घरबसल्या टीव्हीवर पूर्ण दिसलं तर लोक येतील कशाला? त्यामुळे रोजचे कार्यक्रम जपून ठेवायची कुणाला घाई नव्हती. गाणं झालं, दिवे मालवले, माणसं जुगाराच्या टेबलाकडे वळली, की त्या रात्रीचं काम संपलं.

गायचं इथे, राहायचं तिकडे

या झगमगाटाची दुसरी बाजूही आहे. १९४० आणि १९५० च्या दशकांत नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस ज्युनिअर, पर्ल बेली असे काळे कलावंत वेगासमध्ये गायचे. सभागृह टाळ्यांनी दणाणून जायचं. पण ज्या हॉटेलात गायचं तिथेच मुक्काम करायची, तिथल्या पंगतीत बसून जेवायची त्यांना सहसा मुभा नसे. गाणं संपलं की त्यांनी रेल्वेरुळांच्या पलीकडे, काळ्या लोकांच्या वस्तीत जायचं. शिवाशिव म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्या वस्तीत जिनेव्हिव्ह हॅरिसन नावाची बाई राहत होती. तिने आपल्या घरातच पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय केली. १९४२ ते १९५७ अशी पंधरा वर्षं तिचं ते घर चाललं. देशभर नाव असलेले कलावंत तिच्या घरी झोपले, जेवले. कॅसिनोच्या रंगमंचाचे फोटो पुष्कळ आहेत. पण त्या रंगमंचावरच्या माणसांना रात्री डोकं टेकायला जागा देणाऱ्या बाईचं नाव कळायला लोकांना फार वर्षं लागली. आज ते घर अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आहे.

१९५५ च्या मे महिन्यात त्याच भागाजवळ मूलाँ रूज नावाचा कॅसिनो सुरू झाला. तिथे काळे-गोरे सगळे एकत्र बसू शकत. बड्या हॉटेलांतले कार्यक्रम आटोपले की तिकडचे कलावंत पहाटेपर्यंत इथे येऊन गात. हा कॅसिनो जेमतेम सहा महिने चालला. पण १९६० साली काळ्यांच्या संघटनेने मोर्चाचा इशारा दिला, तेव्हा हॉटेलवाले, अधिकारी आणि संघटना यांची बैठक या बंद पडलेल्या मूलाँ रूजमध्येच झाली. २६ मार्च १९६० ला समझोता झाला आणि मोठ्या हॉटेलांचे दरवाजे काळ्या लोकांसाठी उघडले.

हे मुद्दाम सांगितलं. जुनं चित्रण पाहताना आपल्याला फक्त रंगमंच दिसतो. गाणारा मागच्या दाराने आला की पुढच्या, हे कॅमेऱ्यात येत नाही.

डबे बंद का राहिले?

आता चित्रणाकडे येऊ. टीव्हीचा कार्यक्रम टेपवर उतरवायचं यंत्र अमेरिकेत १९५६ साली आलं. ती टेप दोन इंच रुंद आणि फार महाग होती. मग काटकसर म्हणून जुना कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवा घेत. गावात कॅसेट होत्या तेव्हा आपणही एका गाण्यावर दुसरं गाणं भरत होतो, तसंच. जॉनी कार्सन यांचा 'टुनाइट शो' हा अमेरिकेतला फार गाजलेला कार्यक्रम १९६२ ला सुरू झाला. त्याच्या पहिल्या दहा वर्षांतले बहुतेक भाग असेच गेले.

जे पुसलं गेलं नाही, तेही कधीकधी भलत्याच जागी सापडलं. फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन आणि सॅमी डेव्हिस ज्युनिअर हे तिघे वेगासच्या सँड्स कॅसिनोचे लाडके गायक. १९६५ च्या जूनमध्ये त्यांनी सेंट लुईस शहरात एक मदतीचा कार्यक्रम केला. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना आसरा देणाऱ्या एका संस्थेसाठी तो होता. खास टीव्ही जोडणीने तो इतर गावांतल्या थिएटरांतही दाखवला गेला. मग त्याचं चित्रण विस्मरणात गेलं आणि तीसेक वर्षांनी त्याच संस्थेच्या कपाटात सापडलं. सँड्सची इमारत १९९६ साली पाडली गेली. ज्या खोलीत हे तिघे रोज गायचे ती आज नाही, पण संस्थेच्या कपाटातली रिळं मात्र उरली.

तिसरं कारण मालकीचं. एका चित्रणात किती जणांचा वाटा असतो बघा. गाणारी, गाणं लिहिणारा, चाल बांधणारा, वाजवणारे, ध्वनिमुद्रण करणारी कंपनी, चित्रण करणारी कंपनी, शिवाय हॉटेल. सातबाऱ्यावर सात नावं असली की जमिनीचा एक तुकडाही विकता येत नाही. इथेही एक सही अडली की डबा बंदच. सिनात्रा यांच्या वेगासमधल्या १९६१ ते १९८७ या काळातल्या कार्यक्रमांचा पाच तबकड्यांचा संच बाहेर यायला २००६ साल उजाडलं. तोवर सिनात्रा जाऊन आठ वर्षं झाली होती.

एल्व्हिसचे डबे

एल्व्हिस प्रेस्ली हा गरिबाघरचा मुलगा. त्याचा जन्म १९३५ चा. पुढे तो इतका गाजला की आजही त्याचं नाव घेतात. १९५६ साली तो पहिल्यांदा वेगासला गायला गेला, तेव्हा तिथल्या लोकांना तो फारसा भावला नाही. पण १९६९ मध्ये इंटरनॅशनल हॉटेल नवं उघडलं. दोन हजार माणसं बसतील एवढं त्याचं सभागृह. उद्घाटनाचे कार्यक्रम बार्ब्रा स्ट्रायसंड या गायिकेने केले आणि तिच्यानंतर ३१ जुलैला एल्व्हिस उभा राहिला. चार आठवड्यांत ५७ कार्यक्रम झाले आणि सगळे भरून वाहिले.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९७० मध्ये, एमजीएम या सिनेमा कंपनीने तिथे कॅमेरे लावले. तालमी, कार्यक्रम, प्रेक्षक असं पुष्कळ चित्रण झालं. त्यातून दीड-पावणेदोन तासांचा सिनेमा निघाला, बाकी सगळं बाजूला पडलं. चार किलो धान्य निवडून वाटीभर घ्यावं आणि उरलेलं पोत्यात बांधून ठेवावं, तसं.

हे पोतं ठेवलं कुठे? कॅन्सस राज्यात हचिन्सन नावाचं गाव आहे. तिथे जमिनीखाली सुमारे साडेसहाशे फुटांवर मिठाची खाण आहे. मीठ काढून झाल्यावर मोकळ्या झालेल्या दालनांत १९५९ पासून एक कंपनी महत्त्वाची कागदपत्रं आणि सिनेमाच्या मूळ निगेटिव्ह ठेवते. खाणीत हवा कोरडी आणि वर्षभर एकसारखी असते. ऊन नाही, पावसाची ओल नाही. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू देत नाही आपण. फिल्मलाही ओल आणि उष्णता याच दोन गोष्टी खातात.

१९७० च्या चित्रणाची न वापरलेली रिळं या खाणीत होती. त्यातून निवडून २००१ साली त्या सिनेमाची नवी आवृत्ती निघाली. मग बाझ लुहरमन हे दिग्दर्शक एल्व्हिसवर चित्रपट करत असताना त्यांच्या माणसांनी पुन्हा शोध घेतला, आणि तिथे सुमारे ५९ तासांचं चित्रण मिळालं. पण बरंचसं मुकं! कारण सिनेमाच्या फिल्मवर फक्त चित्र उमटतं, आवाज वेगळ्या टेपवर असतो. शूटिंगमध्ये पाटी आपटून 'टक्' असा आवाज करतात, तो चित्र आणि आवाज जुळवण्यासाठीच. चित्र एका ठिकाणी आणि आवाज दुसऱ्या ठिकाणी असेल तर ओठांच्या हालचाली पाहून एकेक ओळ जुळवावी लागते. या कामाला दोनेक वर्षं लागली. ते चित्रण नव्या माहितीपटातून २०२५ च्या सप्टेंबरमध्ये टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात लोकांसमोर आलं. मूळ कार्यक्रमाला तोवर ५५ वर्षं झाली होती.

मागे झील धरणाऱ्या

एल्व्हिसच्या मागे उभ्या राहून चार काळ्या बाया गायच्या. त्यांच्या गटाचं नाव स्वीट इन्स्पिरेशन्स. हा गट उभा करणाऱ्या सिसी ह्यूस्टन म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेल्या व्हिटनी ह्यूस्टनची आई. या बायांचं स्वतःचं गाणं १९६८ मध्ये गाजलेलं होतं. चर्चमध्ये गाऊन गळा तयार झालेला. आपल्याकडे गोंधळात झीलकरी नसतील तर मुख्य गाणारा उघडा पडतो, तसं यांचं गाणं होतं.

१९७० मध्ये ह्यूस्टन शहरात एल्व्हिसचे कार्यक्रम ठरले. त्या गटातल्या मायर्ना स्मिथ यांनी पुढे सांगितलं आहे, की काळ्या मुलींना आणू नका असा निरोप तिकडून आला होता. एल्व्हिसने उत्तर दिलं की त्या येणार नसतील तर मीही येणार नाही. त्या गेल्या आणि गायल्या.

सिनेमा करताना कॅमेरा बहुतेक वेळ एका चेहऱ्यावरच राहिला, कारण तिकीट त्याच्या नावावर खपत होतं. न वापरलेल्या रिळांचं मोल इथे कळतं. तालमीच्या चित्रणात या बाया दिसतात, एल्व्हिसबरोबर हसताना, सूर लावून बघताना. बाजूला टाकलेल्या भागात कष्ट दिसतात, आणि कष्टात बाया दिसतात.

प्रत्येक डबा उघडावा का?

इथवर ऐकून वाटेल, की सगळे डबे उघडून टाकावेत. पण दोन गोष्टी ऐका.

पहिली एल्व्हिसचीच. जून १९७७ मध्ये सीबीएस या टीव्ही कंपनीने ओमाहा आणि रॅपिड सिटी या दोन शहरांतल्या त्याच्या कार्यक्रमांचं चित्रण केलं. तेव्हा तो फार आजारी होता. अंग सुजलेलं, मधेच शब्द विसरत होता. १६ ऑगस्टला तो गेला, अवघा ४२ वर्षांचा. ३ ऑक्टोबरला तो कार्यक्रम टीव्हीवर दाखवला गेला. त्यानंतर ते चित्रण अधिकृतपणे विक्रीला आलं नाही. काही चाहते म्हणतात, त्याही अवस्थेत तो जीव ओतून गायला, ते लोकांनी बघावं. दुसरे म्हणतात, आपल्या घरातलं माणूस खाटेवर असताना आपण चारचौघांना बोलावून दाखवतो का? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

दुसरी गोष्ट अरीथा फ्रँकलिन या थोर गायिकेची. ही गोष्ट कॅसिनोतली नाही, चर्चमधली आहे. पण प्रश्न तोच आहे, आणि स्वीट इन्स्पिरेशन्सच्या बाया अरीथांच्याही मागे गायलेल्या. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये त्या दोन रात्री भजनं गायल्या. ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी आली आणि प्रचंड खपली. चित्रणही झालं होतं, पण पाट्या आपटल्या नव्हत्या, त्यामुळे चित्र आणि आवाज जुळेना. सिनेमा पडून राहिला. बऱ्याच वर्षांनी नवं तंत्र आलं, जुळणी झाली. तेव्हा अरीथा कोर्टात गेल्या. माझ्या परवानगीशिवाय माझं चित्र दाखवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. २०१५ मध्ये एका महोत्सवात ठरलेला खेळ कोर्टाच्या आदेशाने थांबला. १६ ऑगस्ट २०१८ ला त्या गेल्या, एल्व्हिस गेला त्याच तारखेला. त्यानंतर घरच्यांच्या संमतीने, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, सिनेमा लोकांसमोर आला.

ज्यांनी तो पाहिला ते म्हणतात, हे इतकी वर्षं झाकून कसं राहिलं! पण आम्हाला वाटतं, त्या बाईने हयातीत 'नाही' म्हटलं होतं, तेही विसरू नये. गाणं लोकांचं असतं हे खरं. गाणारीचा चेहरा मात्र तिचा असतो.

आपले डबे

आता घरी येऊ. आपल्याकडेही असंच एक मोठं काम झालं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, तीन हजारांवर बाया, लाखाहून जास्त ओव्या. पुढे कित्येक ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. २०१७ पासून 'पारी' या संग्रहातर्फे त्या सगळ्यांसाठी खुल्या होत आहेत, ओवी गाणारीचं नाव आणि गाव यांसकट. जातं घरातून गेलं, गिरणी आली. तरी त्या बाईचा आवाज, तिचं नाव आज ऐकायला मिळतं, कारण कुणीतरी तेव्हा नीट लिहून ठेवलं होतं.

लास वेगासकडे पैसा होता, यंत्रं होती, खाणही होती. तरी तिथली कित्येक गाणी पुसली गेली, कित्येक मुकी झाली. आपल्याकडे खाण नाही. पण चार गोष्टी आपण बिनपैशाने करू शकतो.

पहिली गोष्ट, रेकॉर्डिंग केलं की लगेच नावं सांगायची. मोबाइलवर असेल तर सुरुवातीलाच बोलून घ्यायचं: गाणारी कोण, गाव कोणतं, तारीख काय, गाणं कशाचं. हीच आपली पाटी. झील धरणाऱ्यांची नावंही त्यात आली पाहिजेत.

दुसरी, एक प्रत कधीच पुरेशी नसते. मोबाइल पडतो, हरवतो, पोरं त्यातलं पुसून टाकतात. एक प्रत गटाकडे आणि दुसरी वेगळ्या घरी ठेवायची.

तिसरी, परवानगी. रेडिओवर लावू का, मासिकात छापू का, बाहेरच्या कुणाला देऊ का, हे प्रत्येक वेळी विचारायचं. एका कामाला दिलेला होकार सगळ्या कामांना लागू होत नाही. आणि एखादी म्हणाली की माझ्या सासूबाईंवरची ती ओवी नका लावू, तर नाही लावायची.

चौथी, गटाच्या वहीत यादी ठेवायची. कोणतं रेकॉर्डिंग कुणाकडे आहे, हे एका पानावर दिसलं पाहिजे. बचतीचा हिशोब ठेवतो तसाच हा आवाजाचा हिशोब.

पुढच्या बैठकीत यावर बोला. आपल्या गावात कुणाच्या गळ्यात किती गाणी आहेत, त्यातली किती रेकॉर्ड झाली, आणि ती आज कुणाच्या ताब्यात आहेत? उत्तरं वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. तुमची हरकत नसेल तर त्यातली काही पुढच्या गप्पांत सगळ्यांना ऐकवू.

भेटू मैत्रिणींनो. नमस्कार.